मावशींना पैकीच्या पैकी मार्क

फॉर्म भरून माणूस कळतो, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नका. लातूर जिल्हा नवा झाला होता, त्यात दुष्काळ, आणि मी नर्स म्हणून रेणापूरकडच्या एका खेड्यात हिंडत होते. संधिवाताचे पेशंट स्वतःची काळजी किती घेतात, ते मोजायचं होतं. प्रत्येक ‘हो’ला एक मार्क.

वच्छलामावशींची बोटं पार वाकडी झालेली. विचारलं, “हातांचा व्यायाम करता?”

“हाव. सकाळ-संध्याकाळ.”

“सांधे शेकता?”

“रोज तासभर.”

“काम करताना मधेमधे बसता का?”

“लई बसते, बाई.”

पैकीच्या पैकी मार्क. मला शंका आली. “एवढं करता, मग बोटं अशी कशी?”

“चला, दावते,” म्हणून त्या मला विहिरीवर घेऊन गेल्या. पाणी तळाला गेलेलं, बायकांची ही रांग.

“हितं दोर वढते, त्यो व्यायाम. नंबर येस्तोवर उन्हात उभी ऱ्हाते, त्यो शेक. पाय भरून आले की घागरीपाशी बसते. खोटं सांगितलं का?”

दवाखान्यात परतल्यावर मी आमच्या डॉक्टरांना म्हटलं, “सर, त्या दिवसभर विहिरीचं पाणी ओढतात.”

“म्हणजे व्यायाम नियमित आहे,” ते म्हणाले. “बाकीच्या पेशंटना त्यांच्याकडे शिकायला पाठवा.”

मी कपाळाला हात लावला, पण मावशींना निरोप दिला.

मावशी म्हणाल्या, “शिकवते की. आधी डाक्टरलाच धाडा. येताना घागर आणा म्हणावं.”