जेवलीस का?

दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, पायाला प्लॅस्टर. त्यांच्या ओळखीचा औषधदुकानदार येऊन पलीकडे बसला.

"आजी, पाय काय म्हणतो?"

"बरा आहे. पण मला सांग, त्या दिवशी तू माझ्या दारात आलास कसा? मी न्हाणीघरात पडलेली आणि फोन स्वयंपाकघरात."

"सुनेनं पाठवलं. समोर मोठं दुकान आलं, अर्धी गिऱ्हाइकं तिकडं गेली. मी कुलूपच लावणार होतो. ती म्हणाली, बाबा, कुणाच्या गोळ्या कधी संपतात ते कॉम्प्युटरवर घालू आणि आधीच फोन करू."

"म्हणून दर महिन्याला फोन येतो होय!"

"त्या दिवशी म्हणाली, आजींच्या गोळ्या काल संपल्या, तीनदा फोन केला, उचलत नाहीत. मी म्हटलं, गेल्या असतील समोरच्या दुकानात."

"मग?"

"तिनं माझ्या चपलाच आणून पुढ्यात ठेवल्या."

"गुणाची गं बाई! तिच्यामुळे मी वाचले."

"दुकानही वाचलं, आजी. तुमची अख्खी इमारत आता आमच्याकडे येते."

"मग तिला काय म्हणालास?"

"काही नाही. मला असलं बोलायला जमत नाही."

"फोन लाव. आण इकडे. हॅलो, बाळा, तुझे सासरे तुझं किती कौतुक करतायत म्हणून सांगू! थांब, त्यांनाच देते. घे रे, बोल."

"हॅलो... अगं, मी बोलतोय. नाही, काही झालं नाही. ते आपलं... म्हणजे... जेवलीस का?"