फळ्यावरचं दुसरं नाव

मंडळी, वहिनी,

फळ्यावर दोन नावं पाहून काहींनी आल्या आल्या मला विचारलं, "दुसरे कोण गेले?" दुसरं कोणी गेलेलं नाही. निदान मला माहीत नाही. बोलणं जड जातंय, कारण मला नुसतं रडू येत नाही, रागही येतो.

पहिलं नाव आपल्या श्रीपादभाऊंचं. इथे परदेशात आम्ही एकाच इस्पितळात: एक्स-रे विभागात ते, खाली रक्त तपासायला मी. बारा वर्षं या अब्बासियातल्या हॉलमध्ये दिवाळीला मी लिहिलेली गाणी ते गायले. चाली त्यांच्या. दरवर्षी नवी तऱ्हा! कधी गावच्या बँडसारखी, कधी नुसती पेटी. आपण म्हणायचो, एवढं सुचतं कसं? मीही विचारलं होतं. म्हणाले, "सुलैबियाच्या बसमध्ये, ताई." मी ते कौतुकानं वहीत लिहून ठेवलं.

गेल्या आठवड्यात घर आवरताना वहिनींनी तीन रेकॉर्ड माझ्या हातात दिल्या. इंग्रजी, सत्तर सालच्या आसपासच्या. कुणी ब्रिटिश नर्स मायदेशी परतताना देऊन गेली होती. फळ्यावरचं दुसरं नाव त्या गाणाऱ्याचं; आमच्या इंग्रज डॉक्टरांनीही ते कधी ऐकलेलं नाही. एकीत पितळी वाद्यं, एकीत व्हायोलिन, तिसरीत तो एकटा, पियानोवर. तिन्हींत आपली गाणी, मंडळी. आपल्या सगळ्या चाली.

आईवरचं माझं गाणं आठवतं? त्यात एक ओळ होती: 'तुझ्या पदराला स्टोव्हच्या रॉकेलचा वास.' भाऊ म्हणाले, "ताई, ही मावत नाही. काढू या."

"चाल थोडी लांबवा ना."

"मोडेल हो ती."

मी ओळ काढली. आईची ओळ. चाल त्यांची असती, तर लांबवली नसती का त्यांनी?

मला खरंच संशय आला नव्हता? की टाळ्यांतला अर्धा वाटा माझा होता, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही? वह्या चाळल्या. उत्तर सापडलं नाही.

आज हे बोलू का, म्हणून वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बोला. मला तर म्हणाले होते, पहिली चाल तुझ्यासाठीच बांधली."

आणखी एक कबूल करते. आठ दिवस मी त्याच रेकॉर्ड ऐकते आहे. हा माणूस फार सुंदर गातो. भाऊंनी एकदा, फक्त एकदा, त्याचं नाव घेतलं असतं, तर आपण दोघांनाही डोक्यावर घेतलं असतं.

आता आईच्या गाण्याची मूळ रेकॉर्ड लावते. ती संपली की सवयीनं तुमचे हात वर येतील. मांडीवरच ठेवा. ती शांतता दोन्ही नावांसाठी.

श्रीपादभाऊ, नमस्कार. रागावूनच करते आहे. पण दोन्ही हात जोडून.