शिमग्याचं मढं टेबलावर

...आन् वर शिव्या मलाच! म्हणं, "रावजी, नुसता वयानं वाढलास!" अरं, खडा माझ्या मूत्रपिंडात, कळ मला, आन् चिडायचं ह्या लोकांनी? तुमीच सांगा मंडळी, माझं काय चुकलं?

बोराएवढा खडा, तुमाला सांगतो! कळ उठली की गडाबडा लोळतोय मी. सिद्रामप्पा डाक्टरनं फोटू काढला, छातीला नळी लावली आन् तोंड असं केलं, जसा माझ्या तेराव्याचंच जेवून आलाय! "आजोबा, काळीज दुबळं, दमा जुना, लघवीत साखर. भूल दिली तर उठाल ह्याची खात्री नाही. नाही कापलं तर मूत्रपिंड नासेल." वा रं शाण्या! म्हंजे मरायचं कसं, तेवढंच माझ्याकडं ठिवलं!

तीन आठवडे छळलं. बिडी बंद, गूळ बंद, शेंगाचटणी बंद... सोलापुरात ऱ्हाऊन शेंगाचटणी बंद! दंडाची सुयांनी चाळण केली. आमची कारभारीण गोजाबाई सोळा सोमवार बोलली, तवा कुटं ह्यो बाबा वाकला. "कापतो. पण श्वास जरा जरी अडला, तर तिथंच थांबणार. पुन्हा सुरी लावणार नाही." बरं बाबा!

निजवलं टेबलावर. नाकावर फडकं. डाक्टर वरडतोय, "अंक म्हणा!" लहानपणी ह्याच पायी शाळा सोडली, आन् हितं पन त्येच! एक... दोन... आता मला सांगा, आमच्या गल्लीत दर शिमग्याला तिरडीवर मढं कोण हुतंय? मीच की! तीस वर्सं झाली. मान टाकायची, डोळं पांढरं करायचं, दम कोंडायचा, आन् चौकात गर्दी जमली की टुणकन उठून बोंब मारायची! तर तीन म्हणलं, वर बघतोय तर चार तोंडं माझ्यावर वाकलेली, टकामका बघत्यात... ऱ्हावलंच न्हाय वो! जीभ बाहीर, मान लुळी!

काय पळापळ! नर्सबाई किंचाळली, डाक्टरनं चिमट्यानं जीभ वडली, छाती चेपून चेपून बरगड्या खिळखिळ्या केल्या. मग उठलो की मी, आन् मारली झकास बोंब! डाक्टर मटकन खाली बसला, घामानं वलाचिंब. मला वाटलं, हसंल. हसतोय कुटला! "चालते व्हा! तुमचं खरं मरण मला ओळखू येणार नाही. तुमच्यावर सुरी चालवायची कशी?" आन् गावातल्या समद्या डाक्टरांना 'ह्याला हात लावू नका' म्हणून सांगून मोकळा! एवढा शिकलेला माणूस, पर गंमत म्हणून कळंना. माझं काय चुकलं?

गोजाबाई बोलत न्हाय. खडा हाय तितंच. परवा भर दुपारी चौकात कळ उठली... खरी, देवाशपथ! पडलो, लोळलो, डोळं फिरलं. आमची तिरडी उचलणारा ज्ञानबा आला धावत. मला वाटलं, पाणी पाजतोय. तर त्यो लोकांनाच म्हणतोय, "सरका, सरका, जागा करा! आता बघा कसा उठतोय!"

समदी गोल करून हुबी. कुणी हलंना. लेकरं खांद्यावर घेतलेली...

मग काय करता? उठलो कण्हत कण्हत, आन् मारली बोंब.