‘जर’नंतरचं ‘तर’

...आणि वर मलाच म्हणते, "काका, मध्ये बोलायचं नाही!" आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, स्वतःच्या बायकोशी माणसानं बोलायचं नाही, तर बोलायचं कुठे? चौकात जाऊन? आणि हे सांगणारी कोण, तर स्पीच थेरपीवाली, आमच्या मुलीपेक्षाही लहान! मंगळवार-शुक्रवार येते. यावंच लागतं, कारण फेब्रुवारीत आमच्या हिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचा... वाचा गेली नाही हो, तुटली. बोलते, पण अर्धंच. "जर मी..." म्हणते आणि थांबते. "ज्या दिवशी..." थांबते. एकतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेली बाई! हिच्या वर्गात वाक्य अर्धं सोडायची कुणाची छाती नव्हती!

आणि मी? मी मिक्सर दुरुस्त करणारा माणूस. घरात वाक्यांचे प्रकार निघाले की मी पेपरात डोकं खुपसणार. तर थेरपीवाली म्हणते, "मावशींना वाक्याचा पुढचा भाग जुळवता येत नाहीये. तुम्ही अर्धं द्या, त्या पुरं करतील. रोज सराव घ्या." सराव घ्या! अहो, आधी मला यायला नको? काढली हिचीच जुनी वही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधला, मग बसलो शिकायला. तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा जळलेली मोटर बांधणं सोपं! मुख्य वाक्य म्हणे एकटं उभं राहतं. गौण वाक्याला दुसऱ्याचा आधार लागतो. त्यात पुन्हा नामवाक्य, ते ‘की’चं बोट धरून येतं; विशेषणवाक्य, त्याचं आपलं जो-तो, जी-ती; आणि क्रियाविशेषणवाक्य, जेव्हा-तेव्हा, जर-तर... तीन दिवस घोकलं! चौथ्या दिवशी थेरपीवालीसमोर ऐटीत खुर्ची ओढली, म्हटलं, "हं बाई, जेव्हा मी घरी येतो..." हिचे ओठ हलले. "ते... ते..." आणि मी मूर्ख, "तेव्हा चहा मिळतो! हो ना?"

पेन आपटलं तिनं टेबलावर. "काका! मध्ये बोलायचं नाही!"

पण राहवत नाही हो! चाळीस वर्षांची खोड ती. हिनं म्हणायचं, "अहो, मला वाटतं की..." आणि मी चप्पल घालत, "कळलं, कळलं!" काय कळलं होतं? डोंबल! ‘की’च्या पुढे हिला काय वाटतं, ते मी चाळीस वर्षांत एकदाही ऐकलं नाही. तेव्हा तिला सांगायचं होतं, मला वेळ नव्हता. आता वेळच वेळ आहे आणि... जाऊ द्या.

तर ते "जर मी". रोज दुपारी चारला, खिडकीकडे बघत, "जर मी..." मी मनात पुढचं जुळवायचो. जर मी बरी झाले? जर मी मेले? की, जर मी ह्या माणसाशी लग्नच केलं नसतं? मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, आईचं पुढे सरकलं का हो?" म्हटलं, नाही गं, तिथंच आहे.

आणि गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सरकलं! मी खबरदारी म्हणून तोंडात नॅपकिन कोंबून बसलेलो. एक मिनिट... दोन... घड्याळ बघतोय, चार मिनिटं! आणि ही म्हणाली, "जर मी... बोलले नाही... तर..." तर! अहो, पाच महिन्यांनी ‘तर’ आला! तिचा डावा हात माझ्या गुडघ्यावर आला, डोळे माझ्यावर, ओठ गोल झाले, "तु..." म्हणाली, ‘तुम्ही’मधला ‘तु’... आणि मी नॅपकिन फेकून ओरडलो, "शाब्बास! आलं! आलं!"

गेलं.

माझ्या डोळ्यांदेखत गेलं हो. तिनं माझ्याकडे बघितलं, गुडघ्यावरचा हात काढून घेतला आणि खिडकीकडे तोंड वळवलं. थेरपीवाली "मध्ये बोलायचं नाही"सुद्धा म्हणाली नाही. तेच फार लागलं.

तेव्हापासून ही ‘जर’देखील म्हणत नाही. ती बोलली नाही, तर मी काय? एकटा पडेन? सुधारेन? उपाशी मरेन? सगळी उत्तरं लिहून काढली मी, तिच्याच वहीत, मागच्या पानावर. एकही तिचं वाटत नाही. सगळी माझीच! तिथंही मध्ये मीच बोललोय.

आता रोज चारच्या आधी दुकानाचं शटर ओढतो, येतो, समोर बसतो. ओठ घट्ट. नॅपकिन लागत नाही आता. काल शेजारच्या वहिनी दारातून डोकावल्या, "काय हो भाऊजी, एवढी शांतता? अबोला धरलाय की काय दोघांनी?"

मी तोंडावर बोट ठेवलं. म्हटलं, "हळू, वहिनी. ती बोलतेय... मध्ये बोलायचं नाही."