फुकटच्या कामाचा इंटरव्ह्यू

(कॅनडातलं व्हिटबी. शुक्रवारची संध्याकाळ. बेसमेंटमध्ये रचना कॉम्प्युटरसमोर बसली आहे. तिचा नवरा राजरत्न ऑफिसचे कपडेही न बदलता येरझारा घालतो आहे.)

राजरत्न : 'डिसअपॉइंटेड' काढ तिथलं. 'शॉक्ड' टाक.

रचना : टाकलं. पुढं?

राजरत्न : पुढं लिही, माझी मुलगी शाळेत पहिल्या तिघांत आहे, अन् तुमच्या लायब्ररीनं तिला फुकट काम करायच्याही लायकीचं समजलं नाही. फुकट! पगार मागितला होता का आपण?

रचना : फुकट नका म्हणू. व्हॉलंटियर म्हणतात.

राजरत्न : तेच ते. चाळीस तास समाजसेवा केल्याशिवाय हायस्कूलचा डिप्लोमा देत नाहीत, अन् सेवा करायला गेलं तर इंटरव्ह्यू घेऊन नाही म्हणतात! अरे बाप्पा, लहान पोरांसोबत बसून पुस्तक वाचायचं होतं, रॉकेट नव्हतं उडवायचं. अन् घेतलं कोणाला? कोपऱ्यावरच्या लिंडसेला!

रचना : लिंडसे चांगली आहे हो. तुमची पाठ धरली होती तेव्हा आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ तिनंच शोव्हल करून दिला.

राजरत्न : मी तिला कुठं वाईट म्हणून राहिलो? मी कारण विचारतो. कारण लिहिलंच नाही. नुसतं 'वी रिग्रेट'. नाव वाचलं, रंग पाहिला, झालं. मला नको शिकवू, हे मी लांबून ओळखतो. सीसी मेयरला कर. अन् आपल्या लोकांच्या असोसिएशनमध्ये सगळ्यांना.

रचना : असोसिएशनला कशाला? उद्या सकाळपासून फोन सुरू होतील.

राजरत्न : होऊ दे सुरू. कळू दे सगळ्यांना.

उत्पला : (त्यांची मुलगी, जिन्यावरून) आई, डोन्ट सेंड इट. प्लीज!

राजरत्न : तू कधी आली खाली? वर जा, होमवर्क कर. हे मोठ्यांचं काम आहे.

उत्पला : मोठ्यांचं कसं? अप्लाय मी केलं होतं! आणि पप्पा, त्यांनी मला रिजेक्ट नाही केलं. दे रिजेक्टेड यू.

राजरत्न : मला? मी कुठं अर्ज केला होता?

रचना : थांबा. तुम्ही इंटरव्ह्यूला आत गेला होतात?

राजरत्न : मग? पोरीला एकटी पाठवू?

रचना : मला वाटलं, तुम्ही गाडीत बसलात.

उत्पला : गाडीत? ब्लेझर घालून आले होते, आई. फाइल घेऊन! जयंतीच्या कार्यक्रमातल्या भाषणाची सर्टिफिकेट्स, कराटेचं, स्पेलिंगचं, एव्हरीथिंग.

राजरत्न : इंटरव्ह्यूला फाइल लागतेच.

उत्पला : मिसेस कॉनलींनी मला विचारलं, व्हॉट्स युअर नेम? पप्पा म्हणाले, 'हर नेम इज उत्पला.'

राजरत्न : लोक चुकीचं म्हणतात. म्हणून स्पष्ट सांगितलं.

उत्पला : मग विचारलं, आवडतं पुस्तक कोणतं? गेस काय सांगितलं यांनी.

रचना : काय?

उत्पला : एनसायक्लोपीडिया. ऑल व्हॉल्यूम्स!

रचना : अहो!

राजरत्न : आहे ना घरात? खोटं काय सांगितलं?

उत्पला : मग त्या म्हणाल्या, वाचता वाचता एखादं मूल रडायला लागलं तर काय करशील? पप्पा म्हणाले, 'नो चाइल्ड विल क्राय. शी इज व्हेरी स्ट्रिक्ट.'

रचना : मला हसायचं नाहीये हो, पण...

राजरत्न : हसा. दोघी मिळून हसा. लेकीसाठी अर्धा दिवस सुट्टी टाकून गेलो, हे माझं चुकलं.

उत्पला : मी हसत नाहीये! मी तोंड उघडलं की तुम्ही बोलायचात. त्या माझ्याकडे बघायच्या, मग तुमच्याकडे, आणि मग त्यांनी पेनच खाली ठेवलं. इट वॉज सो एम्बॅरसिंग! बाहेर सगळे एकेकटे बसले होते. कोणीच आपल्या डॅडना आणलं नव्हतं.

राजरत्न : त्यांचे बाप कशाला येतील? आत काय होते, ते त्यांना कुठं माहीत आहे? मला आहे. नागपूरला हॉस्टेलच्या इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा तुझ्याच एवढा होतो. माझा बाप सोडायला आला. चपराशानं गेटवरच अडवलं, तर उन्हात तिथंच उभा राहिला बिचारा. आत तिघं बसले होते. आडनाव विचारलं, अन् एकमेकांकडे पाहून हसले. मार्कशीट उघडलीसुद्धा नाही. मी मार्क सांगायला लागलो, तर म्हणे, 'पुरे, समजलं.' सगळं तोंडातच राहिलं माझ्या. बाहेर आलो तर बाप विचारते, 'काय काय बोलला रे?' काय सांगू त्याला? तेव्हाच ठरवलं, माझ्या लेकराला एकटं आत जाऊ द्यायचं नाही. तिला कोणी 'पुरे' म्हणता कामा नये.

रचना : इतक्या वर्षांत हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

राजरत्न : बोलण्यासारखं काय आहे त्यात?

उत्पला : पप्पा, आय नो. शाळेत माझ्याशीही होतं तसं कधीकधी. पण या वेळी नाही. या वेळीसुद्धा मला कोणी बोलू दिलं नाही, पण ते लायब्ररीवाले नव्हते.

रचना : उत्पला, पुरे आता.

राजरत्न : नाही. तिला 'पुरे' नको म्हणू. बोलू दे.

उत्पला : चाळीस तास मी कुठंही करीन. स्विमिंग पूलवर टॉवेलच्या घड्या घालीन. पण मला हेच हवं होतं. आपण आलो तेव्हा मला नीट 'वॉशरूम' पण विचारता यायचं नाही. शनिवारी आई मला लायब्ररीत बसवून वरच्या मजल्यावर तिच्या इंग्लिशच्या क्लासला जायची. आठवतं, आई?

रचना : आठवतं तर. रडून गोंधळ घालायचीस.

उत्पला : तिथं हायस्कूलची एक मुलगी यायची. व्हॉलंटियर. माझ्या शेजारी कार्पेटवर बसायची. एकेक शब्दाला मी किती वेळ लावायचे! तिला तर सगळं येत होतं, तरी ती मध्ये बोलायची नाही. मी म्हणेपर्यंत जस्ट थांबायची. मला तेच करायचंय. आणि हेच मला त्या दिवशी सांगायचं होतं.

राजरत्न : मग मला आधी का नाही सांगितलं हे?

उत्पला : तुम्ही थांबलात कुठं?

रचना : ऐकताय ना?

राजरत्न : ऐकून राहिलो.

उत्पला : आज शाळा सुटल्यावर मी परत गेले होते. एकटी. मिसेस कॉनली म्हणाल्या, एक मुलगा नाही म्हणाला, सो एक जागा आहे. उद्या सकाळी ये, आणि या वेळी मला तुझं ऐकायचंय. आता तुम्ही हे मेयरला पाठवलंत, तर मी कुठल्या तोंडाने जाऊ?

रचना : मी डिलीट करतेय.

राजरत्न : मला विचार तर खरं आधी!

रचना : विचारलं. करू?

राजरत्न : कर.

उत्पला : थँक यू, पप्पा.

राजरत्न : थँक यू राहू दे. उद्या नाव पूर्ण सांगशील. आडनावासकट, मोठ्यानं.

उत्पला : सांगीन.

राजरत्न : फाइल?

उत्पला : पप्पा!

राजरत्न : बरं, फाइल नाही. पण सोडायला मी येतो. आत नाही येणार, एक शब्द नाही बोलणार. गेटवर उभा राहीन.

उत्पला : लायब्ररीला गेट नाहीये, पप्पा.