परत न आलेल्या बाया

मेहकरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी गोजरबाई बसल्या होत्या, गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला आलेल्या. त्यांची नात छकुली फार्मसी शिकते. ती मोबाईलवर वाचत होती. दोघींचं बोलणं मला ऐकू येत होतं; पूर्वी वैद्यांच्या ओसरीवर असंच कानावर पडायचं.

“आजी, एकवीस अभ्यास एकत्र तपासून लिवलं हाये. या इंजेक्शनानं आराम पडते म्हणे.”

“कोनते एकवीस?”

“छापून आलेले.”

“अन् न छापलेले?”

“ते शोधलेच नाही त्याईनं. ज्याईत औषधाचा गुण दिसला नाही, ते अभ्यास बहुतेक न छापता पडूनच राह्यते.”

“तुह्या मायसाठी पोरगा पाहाले गेलो, तवा पोराकडच्याईनं चौकशीले आपल्याच सोयऱ्याईची चार घरं दाखवली. चारी घरी पोरगा सोन्याचा! मी उठली अन् चक्कीवर जाऊन दळणाच्या बायाईले इचारलं.”

“मंग?”

“मंग तुहा बाप दुसरं स्थळ हाये.”

“गोजरबाई, चला!” कंपाऊंडरनं हाक मारली.

“भाऊ, एकदा इंजेक्शन घेऊन परत न आलेल्या बाया किती?”

“असतील पुष्कळ. बऱ्या झाल्या असतील.”

“त्याईनं सांगतलं?”

“नाही, आजी.”

“मंग दोघी-तिघीले फोन लाव बाप्पा. तवरोक मी बसतो.”