अख्ख्या अकोल्यात चिरुटाले जागा नाही

...नाही, मी म्हनते, एवढं मोठं अकोला! टेसन हाये, बजार हाये, गल्लोगल्ली हाटेलं हायेत, आन् मानसाले एक चिरूट ओढाले जागा नसाव? एक? हासू नका वं बाई! ज्याचं जयते त्यालेच कयते. आता चिरूट काही माहा नाही, शालूच्या बाबाचा. पन त्यायच्या मांगं मांगं पाय कोनाचे तुटले? माहेच न!

तुमी म्हनसान, बिडी ओढाव मंग. छ्या! अमरावतीले गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली दहा वर्सं कंपाउंडर होते हे. डॉक्टर गेला विलायतेले, आन् आपली सवय ह्यायले देऊन गेला. दोन झुरके मारले का मानूस वकिलासारखा बोलते. नाही मारले तं मुका! थोरल्या पोरीच्या लगनाच्या बोलनीले चिरूट घरीच राह्यला होता, तं सोयरे जे म्हनतीन त्याले ह्यायचं आपलं 'हाव'. लगन आठ दिसात? हाव. वऱ्हाड दोनशे मानसाचं? हाव. मी पदर तोंडात कोंबून बसली!

आन् आता बोलनी शालूची. पोट्टी मास्तरनीच्या टरेनिंगले, शेवटचं वर्स. आमी निंगालो तं डोयात पानी आनून म्हने, "बाबा, बाकी काहीबी कबूल करा, पन लगन माही परीक्षा झाल्यावर. एवढं एक बोलजा." ह्यायनं खिशावर थाप मारली, "बोलतो बेटा. चिरूट घेतला हाये."

रेल्वेत बसलो. ह्यायनं काडी काढली. समोरचा बुढा म्हने, "जयभीम! कोन गावचे पावने?" अमरावतीचे. "कुठीसा चालले?" पोरीची सोयरीक पाहाले, अकोल्याच्या बुधाजीच्या पोट्ट्याशी. "बुधाजी? आवो, तो आपला सक्का साडभाऊ!" झालं! सोयरा, त्यातून वयानं मोठा. त्याच्यासमोर धूर काढाव? लोक पोरगी करतीन का? काडी गेली पेटीत. आन् चिरूट? खिशातच!

अकोल्याले उतरलो, तं कापसाचा हंगाम! रस्त्यानं कापसाच्या बैलबंड्याच बंड्या, एकीले लागून एक. हे कोपऱ्यात उभे राह्यले, काडी ओढली, तं गाडीवाला वरून बोंबलला, "ओ बुढेबुवा! वर्साची कमाई हाये माही! इझवा ते!" चार गाडीवाले आंगावर आले, बाप्पा! इझवली. चिरूट खिशातच!

मंग हाटेल. मालक भला मानूस, म्हने, "ओढा न, माह्या बापाचं का जाते?" मले वाटलं, सुटलो! तं बाजूच्या टेबलावरून आवाज, "जयभीम! कोन गावचे?" पोट्ट्याचा मामा! दुसऱ्या हाटेलात गेलो, तं चहा घेऊन आला तोच पोट्ट्याचा चुलतभाऊ, सहदेव! मंग हे मले ओढत नदीकाठी घेऊन गेले, "इथं कोनी नाही वं शालूची आई." कसं नाही? चार बाया कपडे धुऊन राहिल्या होत्या. एकीनं डोक्शावर पदर घेतला, "आवो, हे तं आपले इवाई दिसते!" कोन? केशरबाई, खुद्द पोट्ट्याची माय, मांगं शालूले पाहून गेली होती न! धरून घरीच घेऊन गेली न मंग. आन् चिरूट? खिशातच!

बोलनीले बसलो. पंधरा-वीस मानूस. बुधाजी म्हने, "तं मंग पुढच्या महिन्यातच उरकू." मी ह्यायच्याकडं पाह्यलं. कपायाले घाम, बोटं खिशापाशी, नजर दरवाज्याकडं. मी कोपर मारला. मनात म्हनलं, गेली शालूची परीक्षा, हे आता 'हाव' म्हनतीन...

आन् हे ताडकन उठले! "आयका! पोरगी परीक्षा देईन, मास्तरीन होईन, मंग लगन. पटत असन तं आत्ता हो म्हना, नसन तं मले लय जरुरी काम हाये, मी चाललो!"

बुधाजी उठला, ह्यायच्या खांद्यावर हात ठेवून म्हने, "वा! पोरीच्या शिक्षनासाठी असा तयमयनारा बाप मी पाह्यला नाही. ठरलं! लगन उन्हाळ्यात." काह्यासाठी तयमयून राहिले होते ते माहं मलेच मालूम! पन खरं सांगते, मी रडली. तिथंच, साऱ्यायसमोर, खुशीनं रडली.

आता तरी सुटका? कायची! अख्खं खानदान पोचवाले टेसनवर. गाडी हालली, तं बुधाजी चढला आत, "इवायाले एकलं कसं सोडाव? बडनेऱ्यापर्यंत येतो." आला! बडनेऱ्याले तो उतरला तवा ह्यायनं खिशात हात घातला, तं चिरुटाचा नुसता चुरा.

ह्यायनं खिसा उलटा करून चुरा खिडकीबाहेर झटकला. मंग म्हने, "शालूची आई, आता धाकटी राह्यली. तिले आपुन विलायतेतला पोरगा पाहू. डॉक्टर सांगे, तिथं हाटेलात चिरूट ओढाले गादीच्या खुर्च्यायची अलग खोली राह्यते. कोनी इचारत नाही, कोन गावचे. सोयरा एकबी नाही!"

मी म्हनलं, "पाहा बापा. पन पोरगी दिली का तिथंबी सोयरे होतीनच न!"